नाच टिकेल, कार्याचं काय?

डॉमिनिका, सेंट लुशिया, ग्रेनाडा अशा कॅरिबियन बेटांच्या धक्क्याला मोठं क्रूझ जहाज लागलं की एक ठरलेलं दृश्य दिसतं. चौकड्यांच्या कापडाचे घेरदार झगे घातलेल्या बायका, डोक्याला त्याच कापडाचं फडकं, बाजूला ढोल आणि अकॉर्डियन. पंधरा-वीस मिनिटं नाच होतो, फोटो निघतात, प्रवासी बसमध्ये बसून समुद्रकिनाऱ्याकडे जातात आणि संध्याकाळी जहाज निघून जातं. या पंधरा मिनिटांवरून तिथे आणि तिथून बाहेर गेलेल्या माणसांमध्ये वर्षानुवर्षं एक वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, हा नाच नव्हे, देखावा आहे. खरा नाच गावात होता आणि तो कधीच मेला. दुसरी बाजू म्हणते, मेलाच असता, पण या देखाव्याने त्याला जगवलं; कलाकाराच्या हातात चार पैसे पडतात, पोरं शिकतात, मग तक्रार कशाची? आपल्याकडे लोककलांवरून जी भांडणं होतात तीही याच दोन वाक्यांत अडकून पडतात, म्हणून हा वाद मला परका वाटत नाही. पण तो चुकीच्या जागी उभं राहून चालला आहे असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजू नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत आहेत. पाऊल अस्सल की नक्कल, हा दुय्यम प्रश्न आहे. ज्या कार्यासाठी तो नाच होता ते कार्य करायला त्या माणसांकडे अंगण, रात्र आणि एकमेकांचं देणंघेणं उरलं आहे का, हा पहिला प्रश्न. मराठीत 'घरात कार्य आहे' असं आपण लग्नालाही म्हणतो आणि तेराव्यालाही. मला नेमका तोच शब्द इथे हवा आहे.

हे नुसतं तत्त्व म्हणून पटणार नाही, म्हणून एका बेटावर जरा थांबू. कॅरिअकू हे ग्रेनाडा देशाचं बेट सुमारे 34 चौरस किलोमीटरचं. आपल्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल एवढं. मका, तुरीसारखी कडधान्यं, शेळ्या-मेंढ्या, मासेमारी आणि लाकडी होड्या बांधण्याचं कसब, यांवर हे बेट जगत आलं. तिथल्या 'बिग ड्रम' नाचाला 'नेशन डान्स' असंही म्हणतात. नेशन म्हणजे आजचा देश नव्हे. आपले पूर्वज आफ्रिकेतल्या ज्या लोकांमधून पकडून आणले गेले ते लोक. क्रोमांती, इग्बो, मांडिंग, टेम्ने, चांबा, काँगो, मोको, अराडा, बांडा. प्रत्येकाची गाणी निराळी, ढोलाचा ठेका निराळा, आणि आपलं नेशन कोणतं हे बापाकडून मुलांकडे येतं. मळेवाल्यांनी माणसांची नावं पुसली, भाषा पुसल्या, कुठली कुठली माणसं एका शेतावर आणून मिसळली. तरी या बेटावरचं म्हातारं माणूस ढोल ऐकून 'हे माझं' म्हणून उठू शकत होतं. ज्यांच्या वंशावळी कुणी लिहून ठेवल्या नाहीत त्यांनी त्या ठेक्यात ठेवल्या.

ढोल तीन. रमच्या पिंपांचे, वर बकऱ्याचं कातडं. दोन्ही बाजूंचे 'बुला' ठेका धरून ठेवतात आणि मधला 'कट' बोलतो, नाचणारीला उत्तर देतो. या कटच्या कातड्यावरून एक दोरा ताणलेला असतो आणि दोऱ्यात टाचण्या अडकवलेल्या. थाप पडली की त्या टाचण्या थरथरतात आणि आवाजाला एक बारीक खरखर येते. बेटाची रोजची भाषा इंग्रजी वळणाची, पण ही गाणी जुन्या फ्रेंच वळणाच्या पात्वा बोलीत. आणि हा ढोल उगाच निघत नाही. कुणाच्या थडग्यावर दगड बसवायचा असतो; माणूस गेल्यावर लगेच नव्हे, कधी कधी काही वर्षांनी, पैसे जमले आणि परदेशातली भावंडं आली की. त्याला 'स्टोन फीस्ट' म्हणतात. नवी होडी पाण्यात सोडायची असते. घरात आजारपण हटत नसतं. गेलेली आजी स्वप्नात येऊन काही मागून जाते. पेरणीच्या आधी 'मरून' नावाचं गावजेवण असतं, चुलीवर मोठमोठ्या भांड्यांत मक्याचं, भाताचं, खारवलेल्या मांसाचं शिजतं आणि येईल त्याला वाढलं जातं. त्या रात्री घरात एका टेबलावर पितरांचं पान वाढून ठेवतात. त्याला तिथे 'पेरेंट्स प्लेट' म्हणतात, आणि मराठी वाचकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

नाचाची सुरुवात पितरांना बोलावण्यापासून आणि त्यांची क्षमा मागण्यापासून होते. 'बेग पार्डन'च्या गाण्यावर माणसं गुडघे टेकतात. मग रात्र चढत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमाराला येते 'फ्री रिंग'. रिंगण मोकळं करतात. जमिनीवर रम आणि पाणी शिंपडतात. ढोल वाजत राहतात, आणि त्या रिकाम्या वर्तुळात आता आपले गेलेले लोक नाचत आहेत असं मानून भोवतीची माणसं उभी राहतात. या नाचाचा गाभा हाच. आता हा गाभा धक्क्यावर पंधरा मिनिटांत कसा दाखवणार? रिकामं रिंगण कुणाला दिसणार? ज्याचं कुणी गेलेलं नाही त्याला तिथे काहीच दिसणार नाही. म्हणूनच देखाव्यावर रागावणाऱ्यांचं दुखणं मला कळतं. मात्र त्या दुखण्यावर त्यांनी काढलेलं औषध मला मान्य नाही.

कारण ते शुद्धतेचं औषध आहे, आणि या बेटांवर शुद्ध असं काही कधी नव्हतंच. धक्क्यावर ज्या चौकडीच्या कापडाला ही माणसं आपला राष्ट्रीय पोशाख मानतात त्याचं नाव 'मद्रास'. आपल्या दक्षिण किनाऱ्यावरून युरोपी व्यापाऱ्यांच्या गलबतांनी ते तिकडे गेलं म्हणून हे नाव. डॉमिनिकाच्या खेड्यांत नाचला जाणारा क्वाड्रिल हा मूळचा युरोपातल्या दिवाणखान्यांचा नाच. मळेवाल्यांच्या घरी तो चालायचा, वाजवायला गुलाम असायचे. त्यांनी तो ऐकला, पाहिला, उचलला आणि आपल्या अंगाने नाचला. त्याच्या साथीला जो ताफा असतो त्याला 'जिंग पिंग' म्हणतात. त्यात अकॉर्डियन युरोपचा, 'बुमबुम' म्हणजे पोकळ बांबूत फुंकून काढलेला खर्ज, 'ग्वाज' म्हणजे घासून-हलवून वाजवायचा पत्र्याचा नळा, आणि 'तांबाल' हा डफासारखा. अकॉर्डियन येण्याआधी त्या जागी बांबूची बासरी होती. मग अस्सल कोणतं, बासरीचं की अकॉर्डियनचं? कॅरिअकूमध्येच ल'एस्टेर नावाच्या गावात क्वाड्रिल जपला गेला, आणि त्यासाठी व्हायोलिन वाजवणारे कॅन्यूट कॅलिस्ट (1914-2005) हे त्या बेटाचे सर्वांत नावाजलेले चित्रकारही होते. त्यांना कुणी 'तुमचं व्हायोलिन गोऱ्यांचं' असं म्हणून गप्प बसवायचं होतं का?

याच बेटावर कार्निव्हलच्या मंगळवारी 'शेक्सपियर मास' होतो. रंगीबेरंगी झगे आणि मुखवटे चढवून गावोगावचे पुरुष समोरासमोर उभे राहतात आणि 'ज्युलियस सीझर'मधली लांबलचक भाषणं तोंडपाठ म्हणतात. जो अडखळेल, चुकेल, त्याच्या पाठीवर दुसऱ्याचा चाबूक पडतो. शाळेच्या इंग्रजी पुस्तकांतून आलेली ही भाषणं. साम्राज्याने जे धडे पोरांना आज्ञाधारक करायला पाठवले तेच घेऊन गावाने गावाशी झुंज लावली. याला वसाहतीचं उष्टं म्हणणाऱ्याने आपल्या भजनातल्या पेटीकडेही तसंच बघावं लागेल. पेटी परदेशी, तिच्यात मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं. त्या एकतीस वर्षांत देवळातली भजनं, कीर्तनं आणि संगीत नाटकं पेटीवरच चालली. शुद्धतेचा निर्णय वर झाला, खाली कुणी तो ऐकला नाही, कारण खाली एकादशी येतच होती.

शुद्धतावाद्यांच्या म्हणण्यातला एक धागा मात्र मी सोडणार नाही. बदल कोण करतो, हे महत्त्वाचं आहे. बासरी ठेवून अकॉर्डियन घेतला तो गावाने, स्वतःसाठी, कारण तो उघड्यावर जास्त लांब ऐकू येई आणि रात्रभर टिके. पंधरा मिनिटांत नाच बसवला तो जहाजाच्या वेळापत्रकाने. दोन्हींना 'काळाप्रमाणे बदल' असं एकच नाव देऊन चालणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि तिचं म्हणणं खरोखर भक्कम आहे. रंगमंच नसता तर यातलं पुष्कळ काही आज उरलंच नसतं. डॉमिनिकात राजधानी रोझोच्या प्रतिष्ठित घरांत क्रेओल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली, बोलणं कमीपणाचं मानत आणि शाळेत पोरांना त्यासाठी मार बसे. खेड्याचा नाच तर विचारायलाच नको. 1965 मध्ये तिथले मुख्यमंत्री एडवर्ड ऑलिव्हर लेब्लाँ यांनी राष्ट्रीय दिनाचा सोहळा सुरू केला आणि गावोगावच्या नाच-गाण्यांच्या स्पर्धा त्यात आणल्या. लेब्लाँ स्वतः व्ये काझ या उत्तरेकडच्या खेड्यातले. ज्या बेले या ढोलावरच्या नाचाला आणि क्वाड्रिलला शहर हसत होतं ते गावच्या बायकांनी देशासमोर उभं राहून नाचावं आणि देशाने टाळ्या वाजवाव्यात, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ग्वादलूप या फ्रेंच बेटावर ग्वोका नावाच्या ढोल-नाचाकडे सभ्य माणसं 'म्हाताऱ्या काळ्यांचा धिंगाणा' म्हणून बघत. तिथला सर्वांत मोठा वादक, ज्याला सगळे वेलो म्हणत, तो प्वांत-आ-पित्रच्या रस्त्यावर वाजवत राहिला आणि 1984 मध्ये गरिबीतच गेला. अंत्ययात्रेला शहर लोटलं. आज त्याच रस्त्यावर त्याचा पुतळा आहे आणि 2014 पासून ग्वोका युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. पुतळा त्याच्या पोटात अन्न घालू शकला नाही, हे खरं; पण आजच्या पोरांना ढोलाची लाज वाटत नाही, हेही खरं. लाज गेली हे रंगमंचाचं, कार्यकर्त्यांचं, स्पर्धांचं श्रेय आहे आणि ते त्यांना दिलंच पाहिजे. धक्क्यावर नाचणाऱ्या बाईलाही मी एका शब्दाने दोष देणार नाही. ती मजुरी आहे आणि ती तिच्या हक्काची आहे.

पण डॉमिनिकाच्या स्पर्धेचं यश नीट पाहा. त्या मंचावर येणारी गावं तेव्हा गावं होती. स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बाकीचे दहा महिने तोच नाच बारशाला, लग्नाला, सणाला, शेताचं काम उरकल्यावर होत होता. बघायला बसलेल्यांनाही तो येत होता, चूक झाली तर कुजबुज व्हायची. मंच हा बाजार होता, माल शेतातून येत होता. आज मंचाचे पाठीराखे म्हणतात, बघा, मंचाने नाच टिकवला. शेत पडीक ठेवून बाजार किती वर्षं भरेल?

हा नुसता तर्क नाही, जमैकात हे घडलेलं आहे. तिथे 'ब्रकिन्स पार्टी' नावाचा नाच होता. 1 ऑगस्ट हा गुलामगिरीतून सुटकेचा दिवस. 1834 मध्ये अमलात आलेला कायदा आणि 1838 ची पूर्ण मुक्तता या दोन्हींचा. त्याच्या आदल्या रात्री लाल पक्ष आणि निळा पक्ष, प्रत्येकाचे राजा-राणी, हातात तलवारी, अंग मागे झुकवत एकमेकांना आव्हान देत उजाडेपर्यंत नाचायचे. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि स्वातंत्र्यदिन ऑगस्टच्या सुरुवातीलाच आला, म्हणून 1 ऑगस्टची सुट्टी रद्द झाली. ती परत मिळायला 1997 उजाडलं. मधली पस्तीस वर्षं ब्रकिन्स कुठे होता? सरकारी महोत्सवाच्या स्पर्धेत आणि पोर्टलंडसारख्या भागातल्या मोजक्या वाड्यांत. त्याच्या ऱ्हासाला आणखीही कारणं होती. माणसं शहरात गेली, नवी गाणी आली. पण ज्या रात्रीसाठी तो नाच होता ती रात्रच दिनदर्शिकेतून काढली, हे साधं कारण वादात फारसं कुणी काढत नाही. राष्ट्राने एका हाताने नाचाला पारितोषिक दिलं आणि दुसऱ्या हाताने त्याची तिथी काढून घेतली.

याच्या नेमकं उलट त्रिनिदादमध्ये झालं. तिथे ऊस जळाल्याच्या आठवणीची 'कानबुले' मिरवणूक मशाली, काठ्या आणि ढोल घेऊन निघायची. 1881 मध्ये पोलिसांनी ती अडवली, दंगल झाली. 1884 च्या कायद्याने ढोल आणि मशाली बंद झाल्या. त्याच वर्षी सान फर्नांडोत भारतीय मजुरांच्या होसे म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि माणसं मेली. सत्तेला भीती सगळ्याच ढोलांची होती. मग काय झालं? लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, त्याला 'टँबू बँबू' म्हणतात. पुढे बांबू गेला, डबे आणि पत्र्याची पिंपं आली, आणि 1930 च्या दशकापासून त्यातून स्टीलपॅन घडत गेला. कित्येक लोक हे उदाहरण माझ्याविरुद्ध देतात: संस्कृतीचं काही बिघडत नाही, ती कुठून तरी उगवते, काळजी सोडा. मला त्यात दुसरंच दिसतं. इंग्रजांनी ढोल काढून घेतला, पण कार्निव्हलचा दिवस आणि चाळींमधलं अंगण काढून घेता आलं नाही. दिवस होता, जागा होती, शेजारी होते, म्हणून हातात येईल त्यावर ताल धरता आला. जमैकात नाच शाबूत ठेवून दिवस नेला. त्रिनिदादमध्ये दिवस शाबूत ठेवून ढोल नेला. कोणती कला वाढली, ते समोर आहे.

यावर सर्वांत टोचणारा आक्षेप असा येतो की, हे गावकी-भावकीचं कौतुक पोट भरलेल्या माणसाला सुचतं. डॉमिनिका, सेंट लुशियात 'कुद्मेन' म्हणतात ते आपल्या इर्जिकीसारखं: एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, त्याने जेवू घालायचं, उद्या दुसऱ्याच्या शेतात. तिथे ढोलावर कामाची गाणी, इकडे भलरी. ते गोड वाटतं, पण मजुरी द्यायला पैसा नव्हता म्हणून ते होतं. माणसांनी डोक्यावरून पाणी वाहत, रात्री दिव्याविना राहत तुमच्यासाठी नाच जपावा का? हा आक्षेप मी मान खाली घालून ऐकतो. कॅरिअकूची माणसं त्रिनिदादला, अरुबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, लंडनला, ब्रुकलिनला गेली ती पोटासाठी, आणि गेली ते बरंच झालं. कुणाच्याही पोराने आजोबाचा ठेका चुकू नये म्हणून गरीब राहावं असं मी म्हणत नाही.

पण हीच माणसं माझी साक्ष देतात. गरिबीमुळे नाच होता आणि पैसा आल्यावर गेला, असं कॅरिअकूत घडलं नाही. थडग्याच्या दगडाचे पैसे बाहेरून आले. स्टोन फीस्ट विमानाच्या तिकिटांप्रमाणे ठरू लागली. पूर्वी दहा घरांची असायची ती ऐपत आल्यावर गावभर झाली. ब्रुकलिनमध्ये कॅरिअकूच्या लोकांची मोठी वस्ती आहे, तिथेही ढोल निघतो. 1962 मध्ये अमेरिकी संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी बेटावर येऊन ही गाणी ध्वनिमुद्रित केली तेव्हाही स्थलांतर जोरात होतं. वीज, पैसा, विमान, टेपरेकॉर्डर, यातल्या कशानेही रिंगण मोडत नाही. रिंगण मोडतं ते परत यायला जागा राहिली नाही की.

इथे सेंट लुशियाचा दाखला द्यावासा वाटतो, कारण तिथे कार्याला घर आहे. त्या बेटावर दोन पुष्पमंडळं आहेत: ला रोझ आणि ला मार्गरीट. प्रत्येकाचे राजा-राणी, राजपुत्र, न्यायाधीश, पोलीस, परिचारिका, सगळी लुटुपुटूची दरबारी मांडणी. ला रोझचा सण 30 ऑगस्टला, ला मार्गरीटचा 17 ऑक्टोबरला. पण त्याआधी कित्येक आठवडे रात्रीच्या गाण्यांच्या बैठका चालतात, चुकल्याबद्दल लुटुपुटूचे दंड होतात, हसणंखिदळणं होतं. चर्चला हे प्रकार फार काळ रुचले नव्हते. बाहेरून बघणाऱ्याला ही गंमत दिसते. पण ही मंडळं सदस्यांच्या आजारपणात आणि मरणात मदतीला उभी राहणारी मंडळंही होती. क्यूबात सांतियागो आणि ग्वांतानामोत 'तुंबा फ्रान्सेसा'चं तसंच: हैतीतल्या उठावाच्या काळात तिकडून आलेल्या मळ्यांवरच्या गुलामांचा नाच, जो परस्पर-मदतीच्या संघांनी सांभाळला. नृत्यपथकांनी सांभाळला नाही. या दोन्ही ठिकाणी नाच हा एखाद्या मोठ्या व्यवहाराचा भाग होता, आणि त्या व्यवहारात तुमच्या तिरडीचा खर्चही होता. म्हणून तो शतकभराहून जास्त टिकला.

सेंट लुशियातच लोकपरंपरा गोळा करणारं 'फोक रिसर्च सेंटर' 1973 मध्ये उभं राहिलं. त्यांनी गावोगाव फिरून मोलाचं काम केलं. मार्च 2018 मध्ये कॅस्ट्रीजच्या माउंट प्लेझंट टेकडीवरची त्यांची जुनी लाकडी वास्तू आगीत गेली. ध्वनिफिती, छायाचित्रं, कागद, पुस्तकं, फार काही गेलं. ती बातमी वाचताना पोटात तुटलं, आणि अशा संस्थांना पैसा द्या, इमारत द्या, प्रती काढून ठेवा, हे मी कुणाहीपेक्षा जोरात म्हणेन. पण त्या आगीनंतरही 30 ऑगस्ट येतो आणि ला रोझची माणसं गातात. ध्वनिफीत गेली तर माणसाकडून पुन्हा भरता येते. बैठक मोडली तर ध्वनिफितीतून ती पुन्हा भरत नाही.

म्हणजे अखेर प्रश्न जमिनीवर येतो, आणि मी तो टाळणार नाही. या बेटांवर 'फॅमिली लँड' नावाची चीज आहे. मुक्ततेनंतर ज्या पूर्वजाने घाम गाळून तुकडा घेतला त्याच्या सगळ्या वंशजांची ती सामाईक, न वाटलेली जमीन. तिथे राहत असो वा लंडनला, हक्क सगळ्यांचा. जमैकासारख्या बेटांवर कुटुंबाची थडगीही तिथेच. अर्थतज्ज्ञ या जमिनीला नावं ठेवतात: मालक कोण ते कळत नाही, बँक कर्ज देत नाही, कुणी झाडं लावत नाही, भावाभावांत कज्जे. हे सगळं खरं आहे. आमच्या आजोळच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं मी पाहिलेलीही नाहीत आणि एक पडवी दुरुस्त करायची तर संमतीसाठी वर्ष जातं. तरीही गणपतीला ती सतरा घरं जिथे येऊ शकतात अशी जगात एकच जागा आहे, ती तीच. वाटणी करून विकली असती तर पैसे आले असते आणि येणं संपलं असतं. कॅरिबियनमध्ये तर ही विक्री समुद्रकिनाऱ्याच्या भावाने होते. मग रिंगण कुठे धरायचं, हॉटेलच्या हिरवळीवर?

बार्बुडात काय झालं ते आठवा. सप्टेंबर 2017 मध्ये अर्मा वादळाने ते बेट झोडपलं आणि सगळ्या, म्हणजे 1,800 च्या आसपास, माणसांना शेजारच्या अँटिग्वात हलवावं लागलं. पिढ्यान् पिढ्या तिथली जमीन सगळ्यांची सामाईक होती. 2007 च्या कायद्याने ती रीत लेखी मान्यही केली होती. माणसं निवाऱ्यांत असतानाच सरकारने तो कायदा बदलून खाजगी मालकीकडे पावलं टाकली. सरकारचं म्हणणं, मालकीहक्क असेल तर घर बांधायला कर्ज मिळेल. लोक थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या देशाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेले. 2022 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. त्या काळात बार्बुडाच्या लोकनृत्यावर कुणी बंदी घातली नाही. गरजच नव्हती. ज्यांना वारसा जपायचा आहे त्यांनी या जमिनीच्या कायद्याकडे नाचाच्या कार्यशाळेइतकं तरी लक्ष द्यायला नको होतं का?

1 जुलै 2024 ला बेरिल वादळ चौथ्या श्रेणीच्या ताकदीने कॅरिअकूवर आदळलं. अधिकाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे बेटावरच्या 90 टक्क्यांहून अधिक इमारतींची पडझड झाली. बार्बुडाचा धडा तिथे सर्वांत आधी लागू होतो. छप्पर बांधायला मदत देताना सामाईक जमिनीवरच्या कुटुंबाला 'कागद आणा' म्हणून परत पाठवायचं की सगळ्या वंशजांच्या वतीने एकाचं नाव नोंदवून मदत द्यायची, हा वारशाचा निर्णय आहे, जरी तो गृहनिर्माण खात्याच्या टेबलावर होत असला तरी. कब्रस्तानाची भिंत, चुलीवर गावजेवण करता येईल अशी मोकळी जागा, रात्री ढोल वाजवण्याला शेजारच्या भाड्याच्या बंगल्याची हरकत येऊ नये अशी तरतूद, कट वाजवू शकणाऱ्या म्हाताऱ्याला मानधन आणि त्याच्या हाताखाली एका पोराला विद्यावेतन: पैसा असेल तर आधी इथे जावा. महोत्सव करायचा तर त्यानंतर करा, जरूर करा. बेटावर 'मरून' आणि तंतुवाद्यांचा महोत्सव भरतो, त्याला बाहेरची माणसं येतात, त्यांचा पैसा बेटाला हवाच आहे.

पर्यटकांबद्दल मला शत्रुत्व नाही, हे सांगायला मी कॅरिअकूच्या विंडवर्ड गावाकडे बोट दाखवेन. तिथे किनाऱ्यावर, झाडांच्या सावलीत, नकाशाविना, डोळ्यांच्या मापाने लाकडी होड्या बांधतात. या कसबाला 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. होडी तयार झाली की ती पाण्यात सोडणं हे घरचं कार्य असतं. पाद्री येऊन पाणी शिंपडतो, होडीवर बळी दिला जातो, पताका लागतात, मोठमोठ्या भांड्यांत जेवण शिजतं. होडीला दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू दिलेले असतात. कुऱ्हाडी घेऊन माणसं एका बाजूचे टेकू थोडे थोडे कापत जातात आणि ते अवाढव्य धूड हळूहळू एका कुशीवर कलतं, ओंडक्यांवर येतं. मग जाड दोर बांधतात आणि गाणं धरतात. त्या दोराला गावचा, परगावचा, ब्रुकलिनहून आलेला, काल जहाजातून उतरलेला, जो असेल त्याने हात लावायचा असतो, कारण तेवढे हात लागतातच. ओढणाऱ्याला नंतर जेवायला बसवतात. ढोल आदल्या रात्रीपासून वाजत असतात.